सहा, दोन, दहा

फेब्रुवारी 1941. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर हा 43 वर्षांचा पोलीस शिपाई शेवटच्या घटका मोजत होता. चेहऱ्यावर सुरू झालेला जंतुसंसर्ग पसरत गेला होता, एक डोळा काढावा लागला होता आणि सल्फा औषधांनी हात टेकले होते. 12 तारखेला त्याच्या शिरेत पेनिसिलिन सोडले गेले आणि पुढे दर तीन तासांनी डोस चालू राहिले. दिवसभरात फरक दिसू लागला. ताप उतरला, अन्नावर वासना आली. अडचण औषधाच्या साठ्याची होती. हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांच्या प्रयोगशाळेत बुरशीपासून निघणारे पेनिसिलिन चिमूटभर, आणि टोचलेले पेनिसिलिन बघता बघता लघवीवाटे बाहेर. मग त्या लघवीतूनच ते परत मिळवायचे ठरले. लघवी गोळा करून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून औषध वेगळे काढायचे आणि पुन्हा त्यालाच टोचायचे. पाच दिवसांत तरीही साठा संपला. आजार उलटला आणि 15 मार्चला अलेक्झांडर गेला. पुढचे रुग्ण निवडताना फ्लोरींच्या गटाने मुलांना पसंती दिली, कारण लहान शरीराला औषध कमी पुरते.

पेनिसिलिन जंतू मारते हे तेव्हा कळून चुकले होते. पण शरीर त्या औषधाचे काय करते, हा वेगळाच प्रश्न निघाला, आणि अलेक्झांडरच्या बाबतीत तोच निर्णायक ठरला.

फार्माकॉलॉजीचे हेच दोन भाग आहेत. औषध शरीराला काय करते ते फार्माकोडायनॅमिक्स, आणि शरीर औषधाला काय करते ते फार्माकोकायनेटिक्स. पहिला भाग विद्यार्थी आवडीने वाचतात, कारण त्यात गोष्ट असते: अमुक गोळी अमुक रिसेप्टरवर जाऊन बसली आणि बीपी उतरले. दुसरा भाग आलेख आणि सूत्रांचा, म्हणून तो परीक्षेपुरता घोकला जातो. माझ्या मते वॉर्डात उभे राहणाऱ्याला जास्त गरज या दुसऱ्या भागाची आहे. कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. ते किती वाजता, कशातून, किती वेगाने आणि जेवणाच्या आधी की नंतर शरीरात जाते, हे मात्र बहुतेक वेळा ट्रॉली ढकलणाऱ्या सिस्टरच्या नाहीतर ब्रदरच्या हातात असते.

केस पेपरवर ‘टीडीएस’ लिहिले की वॉर्डात त्याचे सहा, दोन, दहा होते. सकाळचे सहा, दुपारचे दोन, रात्रीचे दहा. मोजून आठ-आठ तास. तोच रुग्ण डिस्चार्ज घेऊन घरी गेला की चिठ्ठीवर 1-1-1 असते, आणि त्याचा अर्थ तो आपल्या जेवणाप्रमाणे लावतो: सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री नऊ. म्हणजे मधली अंतरे पाच, सात आणि बारा तासांची. गोळ्या तितक्याच पडल्या, पण रात्रभर रक्तातले औषध किती खाली गेले असेल? काही औषधांना याने तसूभर फरक पडत नाही. काहींना खूप पडतो. कोणत्या औषधाला उशीर चालतो आणि कोणत्याला चालत नाही, हे कळायला हाफ-लाइफ कळली पाहिजे.

रक्तातले औषध निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो ती त्याची हाफ-लाइफ. साध्या पेनिसिलिन जी-ची हाफ-लाइफ मूत्रपिंडे धड असतील तर अर्ध्या तासाच्या आसपास असते. 100 भागांचे अर्ध्या तासाने 50, तासाने 25, दीड तासाने साडेबारा. पाच हाफ-लाइफ उलटल्या की उरतात जेमतेम 3 भाग. अलेक्झांडरला दर तीन तासांनी सुई का खावी लागली, ते यातून दिसते. उलट टोकाला थायरॉइडची गोळी, लेव्होथायरॉक्सिन. तिची हाफ-लाइफ सुमारे सात दिवसांची. एखाद्या दिवशी गोळी राहिली म्हणून बाई आजारी पडत नाही. पण डोस बदलला तर त्याचा पूर्ण परिणाम कळायला पाच आठवडे जातात आणि टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी सांगितली जाते. पंधरा दिवसांत रिपोर्ट काढून आणणाऱ्या पेशंटला हे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि डॉक्टरांकडे ती पाच मिनिटे सहसा नसतात.

पाच या आकड्याचा उलटाही उपयोग होतो. तळाला भोक असलेल्या बादलीत ठरावीक वेळाने तांब्या-तांब्या पाणी ओतत राहिलात, तर पातळी आधी चढते आणि मग एका ठिकाणी थांबते, कारण जितके येते तितकेच गळते. औषधाची ही स्थिर पातळी यायलाही साधारण पाच हाफ-लाइफ लागतात. डिगॉक्सिनची हाफ-लाइफ दीड ते दोन दिवसांची, म्हणजे नुसती रोजची गोळी चालू केली तर पातळी स्थिरावायला आठवडा-दहा दिवस हवेत. हृदयाचे ठोके बेफाम झालेल्या माणसाला इतकी उसंत नसते. म्हणून पहिल्या दिवशी मोठा लोडिंग डोस देऊन बादली एकदम भरून घेतात आणि नंतर रोज गळेल तेवढीच भर घालतात. पहिल्या दिवशीचा आकडा दुसऱ्या दिवशीही तसाच उतरवला गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

डिगॉक्सिनवर थोडे थांबू. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 साली फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर पुस्तक लिहिले, तेव्हापासून या कुळातले औषध वैद्यकात आहे, आणि तेव्हापासूनच त्याचा उपकारक डोस आणि घातक डोस एकमेकांना खेटून आहेत. याला थेरप्युटिक विंडो अरुंद असणे म्हणतात. डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसात ते 60 च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हा नियम प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवतात. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची सवय इथे घात करते, कारण ठोके अनियमित असतात म्हणूनच तर अनेकांना हे औषध चालू असते. रुग्ण ‘जेवण नको वाटतंय, मळमळतंय’ म्हणाला, किंवा सगळे पिवळसर दिसते म्हणाला, तर ती विषबाधेची चाहूल असू शकते. सोबत लघवीची गोळी चालू असेल आणि तिने पोटॅशियम उतरले असेल, तर रक्तातले डिगॉक्सिन न वाढताही विषबाधा होते. आपल्याकडे कित्येक डॉक्टर ही गोळी आठवड्यातले पाच दिवस लिहितात, शनिवार-रविवार सुट्टी. पेशंटना ते चमत्कारिक वाटते. पण दोन दिवस सुट्टी दिली तरी हाफ-लाइफच्या हिशोबाने बरेच औषध अंगात असतेच. मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या म्हाताऱ्या माणसात मात्र हीच हाफ-लाइफ चार-पाच दिवसांपर्यंत लांबते आणि नेहमीचा डोस हळूहळू साचत जातो.

हाफ-लाइफचा सगळ्यात फसवा खेळ दोन औषधे एकमेकांसमोर उभी राहतात तेव्हा दिसतो. मॉर्फिन जास्त झाले, श्वास मंदावला, की नालोक्सोन देतात. ते मॉर्फिनला रिसेप्टरवरून हटवून स्वतः तिथे बसते. दोन मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो, नातेवाईक हात जोडतात. पण नालोक्सोनचा अंमल अर्ध्या ते दीड तासाचा आणि मॉर्फिनचा चार-पाच तासांचा. राखणदार आधी निघून जातो आणि रक्तात उरलेले मॉर्फिन पुन्हा जागेवर येऊन बसते. अशा रुग्णाचा श्वास पुढचे काही तास मोजत राहावे लागते, आणि शिफ्ट बदलताना ही गोष्ट तोंडाने सांगावी लागते.

आता शरीरात शिरण्याच्या वाटांकडे वळू. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून शोषली गेली की थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेनमधून ती आधी यकृतात जाते आणि तिथे तिच्यावर पहिली कारवाई होते. हा फर्स्ट पास. छातीत दुखू लागल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते यासाठी. जिभेखालच्या शिरा यकृताला वगळून थेट वरच्या महाशिरेत उतरतात, औषध दोन ते पाच मिनिटांत काम सुरू करते. घाबरलेल्या माणसाने तीच गोळी पाण्याबरोबर गिळली तर तिचा मोठा हिस्सा यकृत खाऊन टाकते आणि जे उरते ते उशिरा पोचते. म्हणून नुसती गोळी हातात देऊन पुढच्या खाटेकडे वळू नये, ती जिभेखाली गेली की नाही ते पाहावे.

वाट बदलली की घड्याळ कसे बदलते, याचा उत्तम नमुना पुन्हा पेनिसिलिनच आहे. रूमॅटिक हृदयविकार असलेल्या मुलांना दर 21 दिवसांनी पेनिड्युअर घ्यायला आलेले तुम्ही ओपीडीत पाहिले असेल. 12 लाख युनिट, दुधासारखे दाट, बारीक सुईत अडकणारे आणि पोराला रडवणारे इंजेक्शन. हेही पेनिसिलिनच, पण बेंझाथिनशी जोडलेले, जवळजवळ न विरघळणारे. स्नायूत त्याचा साठा बसतो आणि तिथून ते कणाकणाने रक्तात उतरते. एकदा रक्तात उतरलेला कण आजही तासाभरात मूत्रपिंडातून निसटतोच, फरक फक्त मागून येणाऱ्या पुरवठ्याचा आहे. स्नायूसाठीचे हे औषध चुकून शिरेत गेले तर मात्र हृदय थांबू शकते. व्हायलवर ‘पेनिसिलिन’ एवढेच वाचून थांबणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

असाच साठा काही गोळ्यांच्या आतही केलेला असतो. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, रिटार्ड अशी शेपटी असली की समजावे, बारा किंवा चोवीस तासांचे औषध आत आहे आणि ते हळूहळू सुटणार आहे. रायल्स ट्यूब असलेल्या रुग्णासाठी ही गोळी खलबत्त्यात कुटली की दिवसभराचे औषध एका तासात पोटात मोकळे होते. नाकातल्या नळीतून निफेडिपिन रिटार्डची पूड गेली आणि बीपी कोसळले, तर दोष औषधाचा नाही. पँटोप्राझोलवरचा लेप वेगळ्या कारणासाठी असतो. आम्लात ते औषध टिकत नाही, म्हणून आतड्यापर्यंत त्याला झाकून न्यावे लागते. कुटलेली पँटोप्राझोल पोटातच वाया जाते. कुटण्याआधी फार्मसीत एक फोन करावा, बहुतेक वेळा द्रवरूप पर्याय मिळतो.

यकृतात औषधाचे रूपांतर होते, आणि दर वेळी ते निरुपद्रवीच होते असे नाही. पॅरासिटामॉल आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारखे खाल्ले जाते. मोठ्या माणसाला दिवसात 4 ग्रॅमच्या वर नको, आणि कुपोषित किंवा रोज दारू पिणाऱ्याला त्याहूनही कमी. त्याचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्या विषाला निष्प्रभ करते. डोस फार झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. वाईट गोष्ट ही की पहिल्या दिवशी रुग्ण ठणठणीत दिसतो. खरा तडाखा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो. उतारा आहे, एन-ॲसिटाइलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तरच त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येतो. वॉर्डात धोका असतो तो दुबार डोसांचा. तापासाठी शिरेतून 1 ग्रॅम, सर्दीच्या संयुक्त गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल, आणि नातेवाईकांनी उशीखाली ठेवलेली तिसरी पट्टी.

यकृताचा वेग दुसरे औषधही बदलू शकते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृतातल्या एन्झाइमना इतके कामाला लावते की सोबत घेतलेली औषधे वेळेआधीच निकालात निघतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणारी बाई या काळात बेसावधपणे गरोदर राहू शकते, तिला दुसरे साधन सुचवायला हवे. (लघवी केशरी होईल, घाबरू नका, हेही पहिल्याच दिवशी सांगावे. न सांगितल्यामुळे गोळ्या सोडून देणारे लोक आहेत.) फेनिटॉइनचा प्रकार आणखी निराळा. ते पचवणारी एन्झाइम नेहमीच्या डोसातच जवळजवळ पूर्ण गुंतलेली असतात, त्यामुळे डोस 300 चा 400 मिलिग्रॅम केला तर रक्तातली पातळी तिसऱ्या हिश्श्याने न वाढता भलतीच उसळू शकते. फिट्स थांबल्या पण माणूस चालताना झोकांड्या खातोय, बुबुळे थरथरतायत, तर लगेच कळवावे.

नवजात बाळाचे यकृत तर अजून घडत असते. 1959 साली लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की अकाली जन्मलेली बाळे क्लोरॅम्फेनिकॉलमुळे दगावत होती. पोट फुगायचे, त्वचा राखाडी पडायची, रक्ताभिसरण कोसळायचे. मोठ्यांत काही तासांत निकालात निघणारे औषध या बाळांच्या अंगात दिवसच्या दिवस साचत होते. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून चांगल्या हेतूने दिलेले औषध होते ते. बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, आणि त्याचा डोस नुसत्या वजनाच्या भागाकाराने निघत नाही. एनआयसीयूत जेंटामायसिन 24, 36 किंवा 48 तासांनी लिहिलेले दिसते, ते बाळाच्या मूत्रपिंडांच्या वयाचा हिशोब करून.

आता परत ट्रॉलीकडे. सगळ्या वेळा सारख्या अंतराने असाव्यात, असेही नाही. जेंटामायसिन मोठ्यांतही बऱ्याचदा दिवसातून एकदाच देतात, हाफ-लाइफ दोन-तीन तासांची असूनही. त्याची मारक शक्ती पातळी किती उंच चढली यावर असते, आणि मधल्या काळात ती अगदी खाली गेली तर कान आणि मूत्रपिंडे वाचतात. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांचे उलट. त्यांना उंचीपेक्षा वेळ महत्त्वाची, पातळी जितका काळ पुरेशी राहील तितके जंतू मरतात. पिपरासिलिनचा डोस दोन तास मागे पडला तर तेवढा वेळ जंतूंना मोकळे रान मिळते. आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या साध्या गोळीचे तर ‘बीडी’, म्हणजे दिवसातून दोनदा, असूनही बारा-बारा तास होत नाहीत. सकाळी आठ आणि दुपारी तीन. नायट्रेट सतत अंगात राहिले की रक्तवाहिन्या त्याला सरावतात आणि औषध निकामी होते, म्हणून रात्रभराची सुट्टी मुद्दाम ठेवलेली असते. वॉर्डाच्या सवयीने तिची वेळ आठ-आठ केली की ही सुट्टीच नाहीशी होते. लघवीच्या गोळीचा दुसरा डोसही दुपारीच बरा, नाहीतर म्हातारी रात्री दोनदा उठते आणि एकदा बाथरूममध्ये पडते.

साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. म्हणजे घड्याळात किती वाजले यापेक्षा नाश्त्याची गाडी कुठवर आली हे पाहून. साडेसातला इंजेक्शन आणि नऊला पोहे, यात साखर उतरणारच. इन्सुलिनचा विषय निघालाच आहे म्हणून सिरिंजचेही सांगून टाकते. आपल्याकडे व्हायल बहुधा मिलिलिटरला 40 युनिटची असते आणि तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. 100 युनिटच्या व्हायलसाठी केशरी टोपी. 100 चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर भरतो आणि जातात 50 युनिट. अडीचपट. उलट केले तर 20 ऐवजी 8. सिरिंजवरचा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा व्हायलवरचा आकडा त्याच्याशी जुळतो.

राहिला दुपारचा दोनचा डोस. बहुतेक ठिकाणी सकाळची शिफ्ट दोनला सुटते, म्हणजे औषध आणि हँडओव्हर एकाच वेळी येतात. जाणारीला वाटते येणारी देईल, येणारीला वाटते दिले असेल. कधी डोस राहतो, कधी दोनदा पडतो, आणि कधी तीन वाजून वीस मिनिटांनी देऊन कागदावर दोन लिहिले जातात. हे शेवटचे कोणालाच गंभीर वाटत नाही. समजा ते बारा तासांनी चालू असलेले व्हँकोमायसिन आहे. रात्री दोनच्या डोसआधी, दीड वाजता, पातळी तपासायला रक्त गेले. रिपोर्ट थोडा जास्त आला, कारण मधला वेळ ऐंशी मिनिटांनी कमी भरला. सकाळी राउंडला डॉक्टर कागद पाहतात. दोनला दिले, दीडला रक्त घेतले, पातळी जास्त, म्हणून डोस कमी करतात. त्यांचा हिशोब बरोबर आहे. जंतुसंसर्ग मात्र अजून तसाच आहे, आणि त्याच्यावरचे औषध आजपासून कमी झाले.